वाणात दिलेलं झाड

अक्का, सकाळपासून मी पाच वेळा तुमच्या परसात जाऊन आले. दोन्ही परसांच्या मधली ती दगडांची ओळ ओलांडताना दर वेळी माझा पाय अडखळतो आणि दर वेळी मी उगाच मागं वळून बघते, कुणी पाहत तर नाही ना. पाहायला आहे कोण? तुमचे मालक, माझे भासरे, ओसरीवर भिंतीला टेकून बसलेले असतात आणि त्यांचं लक्ष रस्त्याकडे. मी मोरीपाशी जाते, झाड बघते, माती ओली आहे का ते बोट खुपसून पाहते आणि परत येते. घरातलं काम हातात घेते आणि ते सुटतं. कणीक भिजवून तशीच पडलीय. हे लिहायला बसले तेसुद्धा हात कशात तरी अडकावा म्हणून, पण दोन ओळी झाल्या की पुन्हा उठावंसं वाटतं.

पुढच्या आठवड्यात तुम्हाला जाऊन महिना होईल. भेटायला येणारी प्रत्येक बाई मला एकच सांगून जाते, "थोरली जाऊ म्हंजी मायच की गं, कमल." मी मान हलवते. पण खरं सांगू? तुम्ही मला आईसारख्या कधीच वाटला नाहीत. आईशी मी भांडले नाही. तुमच्याशी मात्र लग्न होऊन पेडगावला आले त्याच्या तिसऱ्या दिवशी भांडले, भाकरीच्या पिठात मीठ घालायचं की नाही यावरून. मी पूर्ण्याच्या रेल्वे क्वार्टरमधे वाढलेली, गाड्यांच्या आवाजावर आवाज काढायची सवय. तुम्ही सेलूकडच्या, दिवसाला मोजके शब्द बोलणाऱ्या. भांडण म्हणजे काय, मी बोलत होते आणि तुम्ही भाकरी थापत होतात. माझं बोलून संपलं तेव्हा म्हणालात, "झालं का? बस मंग. तुझ्या भासऱ्याला डाक्टरनं मीठ कमी सांगितलंय."

हे आधी सांगता आलं नसतं? पण नाही. सत्तावीस वर्षं तुमची रीत हीच. मी कमरेला पदर खोचून यायचं, तोंडाचा पट्टा सोडायचा, तुम्ही हातातलं काम न थांबवता ऐकायचं, आणि माझा जोर ओसरला की सगळ्याचा उलगडा होईल असं एक वाक्य बोलायचं. आधी कधी म्हणून सांगायचं नाही. मला त्याचाच संताप यायचा. अजूनही येतोय, अक्का. तुम्ही गेलात म्हणून तो कमी झालेला नाही.

एक चक्कर मारून आले. ऊन मोरीच्या भिंतीपर्यंत आलंय. झाडावर गोणपाट टाकलं.

ही भाजी आपल्या दारात माझ्या अश्विनीमुळं आली. मागल्याच्या मागल्या दिवाळीला ती पुण्याहून आली तेव्हा बियांचं पाकीट घेऊन आली. वर हिरव्या पानांचं चित्र आणि इंग्रजीत नाव, लेट्यूस. "आई, मी डब्यात रोज हेच खाते. तूही लाव," म्हणाली. तिचं लग्न ठरलं होतं, शिमग्याच्या सुमारास ती बेंगलोरला जाणार होती. पोरीनं जाताना हातात दिलेलं, म्हणून मी ते पाकीट देव्हाऱ्यात ठेवलं. तुम्ही दोन दिवस बघितलंत आणि म्हणालात, "बी देवाम्होरं उगवत न्हाई, कमल." आणि स्वतःच कुदळ घेऊन आलात.

वाफा कुठं करायचा यावरूनही मी भांडलेच. आठ वर्षांपूर्वी भावाभावांनी परसात दोरी धरली तेव्हा पाण्याचा हौद माझ्याकडे आला आणि मोरी तुमच्याकडे. हौद तुम्ही मुद्दाम सोडलात, चारचौघांत मोठेपणा मिळावा म्हणून, असं मी तेव्हापासून म्हणत आलेय. तुम्ही कधी हो म्हणाला नाहीत की नाही म्हणाला नाहीत. हे भांडण आता माझ्याच गळ्यात राहिलं. वाफ्याचं मात्र तुम्ही माझं ऐकून घेतलंत आणि ओळीतले चार दगड उचलून बाजूला ठेवलेत. वाफा ओळीवरच आडवा काढलात, अर्धा तुमच्यात, अर्धा माझ्यात. बी इतकं बारीक की श्वास सोडला तर उडावं. ते राखेत कालवून फेकलंत, वर शेणखताचा नुसता हात फिरवलात आणि पाणी हातानं शिंपडलंत. त्या दिवसापासून त्या भाजीला तुम्ही "अशूची भाजी" म्हणायला लागलात. लेट्यूस हा शब्द तुमच्या तोंडून मी एकदाही ऐकला नाही.

पहिल्या साली आपण काय करून ठेवलं ते आठवलं की आजही हसू येतं, आणि हसू आलं की लाज वाटते, कारण घरात अजून दुखवटा आहे. चित्रात पानं एकमेकांत मिटलेली दिसत होती म्हणून आपण धरून चाललो की ही कोबीची बहीण. गड्डा धरणार. मग काय, गड्ड्याची वाट बघणं सुरू. रोज सकाळी तुम्ही मधे बोटं घालून दाबून बघायचात. "भरायलाय का?" मी विचारायची. "भरंल. थंडी पडू दे." थंडी पडली, संक्रांत गेली, पानं मोरपिसाऱ्यासारखी पसरली पण गड्डा काही येईना. एक पान कुणाला तोडू दिलं नाहीत तुम्ही. शेवटी सुतळी आणून प्रत्येक झाडाची पानं गोळा करून वर बांधलीत, फुलकोबीची बांधतात तशी. आठ दिवसांनी सोडून बघितलं तर आतली सडलेली. जी वाचली ती शिमग्याच्या सुमारास दांडा काढून उभी राहिली. पान मोडलं तर पांढरा चीक आणि तोंडात घातलं तर कडू जहर. फोनवर अश्विनी हसून हसून बेजार. "आई, काकू, अगं ही गड्ड्याची जातच नाही! बाहेरची पानं खुडत राहायचं, आतून नवी येतात!"

तुम्ही फोनकडे बघून म्हणालात, "मंग पाकिटावर तसं लिहायचं ना." सगळी झाडं उपटून शेळ्यांना टाकली. त्या दिवशी मी रडले. तुमच्यासमोर नाही, हौदाच्या आड. एवढ्याशा भाजीसाठी कोण रडतं! पण पोरगी त्याच महिन्यात बेंगलोरला गेली होती आणि तिनं दिलेलं सगळंच्या सगळं बी मी एका फटक्यात शेळ्यांच्या तोंडी घातलं होतं. "दुसरं पाठवते, ऑनलाइन मिळतं," असं ती म्हणाली. मी नको म्हटलं. मला तेच हवं होतं, तिनं हातावर ठेवलेलं. आता हा वेडेपणा कुणाला समजावणार?

तुम्हाला समजावावा लागला नाही. या दिवाळीला तुम्ही दगड ओलांडून आलात आणि पदराच्या गाठीतून कागदाची पुडी काढलीत. "अशूच्या भाजीचं बी हाय." उपटण्याच्या दिवशी मोरीमागचं एक झाड तुम्ही ठेवून दिलं होतं आणि उन्हाळाभर मला पत्ता लागू दिला नाही. मी आभार मानायचं सोडून उसळले, "मला का न्हाई सांगितलं तुमी?" तुम्ही म्हणालात, "आलं नसतं तर? परत हौदामागं जाऊन बसली असतीस." म्हणजे तेही तुम्हाला माहीत होतं. पुडीतलं अर्धं मुंग्यांनी नेलं होतं. उरलेलं सगळं आपण पेरलं.

यंदाची भाजी आठवली की जीव थोडा थंडावतो. रोपं चार पानांवर आली तशी वीत-वीत अंतरावर लावली. पहाटेच्या गारठ्यात पानं कशी कडक व्हायची, खुडताना आवाज यायचा. त्यांना तशी ना चव ना ढव. आमचे हे म्हणाले, हा तर जनावराचा चारा. मग तुम्ही त्याचा घोळाना केलात, पानं बारीक चिरून, कांदा, शेंगदाण्याचा कूट, तिखट आणि वर कच्चं तेल. भासरे पहिल्या दिवशी बोट लावेनात. तिसऱ्या दिवशी तुमच्यामार्फत निरोप आला, "अशूच्या मायला म्हणावं, त्यो पाला संपला का हाय अजून?"

त्यातही आपलं चालूच होतं. तुम्ही खुडायचात, मी उपटायची. माझं म्हणणं, मेथी उपटतो, शेपू उपटतो, ह्या भाजीचे काय एवढे लाड? तुमचं म्हणणं, "वरची चार पानं घे अन् आतलं वाढू दे. मूळ सोडवू नको." मला सांगून काय उपयोग! घाईत हात जायचा तो बुडाशीच.

आणि मग चिंध्या.

अक्का, इथं आले की मी उठतेच. आत्ताही उठून पाणी पिऊन आले. पण हे लिहायचंच आहे, नाहीतर बसले कशाला?

माझं हळदीकुंकू रथसप्तमीच्या आधीच्या शुक्रवारी होतं. गावात सगळ्यांनी प्लॅस्टिकच्या वाट्या नि चाळण्या लुटल्या होत्या. मी ठरवलं, आपण आपल्या वाफ्यातली भाजी वाण म्हणून द्यायची. हा विचार मनात आला तेव्हा चांगला होता, एवढं तरी माझं खरं माना. पण त्याच सकाळी वाफ्यात गेले तर माझ्या अर्ध्यातल्या चार झाडांना चिंध्या बांधलेल्या. तुमच्या जुन्या साडीच्या लाल काठाच्या. आणि चार कोणती? सगळ्यांत भरदार चार. तुमच्या बाजूच्या एकाही झाडाला चिंधी नाही.

आदल्याच दिवशी तुम्ही म्हणाला होतात की तुमचा बाळू आणि सूनबाई येणार आहेत, सूनबाईला ही भाजी लय आवडते. माझ्या डोक्यात ते एकावर एक बसलं. म्हटलं, वा! पोराच्या बायकोसाठी माझ्या अर्ध्यातली निवडून ठेवली, वर खुणासुद्धा करून ठेवल्या, मी हात लावू नये म्हणून. बियाला ठेवलेल्या भोपळ्याला चिंधी बांधतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण राग आला की माणसाला माहीत असलेलंही सुचत नाही. आणि पालेभाजीला थंडीतच चिंधी बांधलेली मी कधी बघितली नव्हती. ही सबब आहे, हेही मला कळतं.

एरवी मी काय केलं असतं? पदर खोचला असता आणि तशीच तुमच्या चुलीपाशी आले असते. त्या दिवशी मात्र आले नाही. का, ते मला अजून उमगत नाही. आयुष्यात एकदाच मी तोंड बंद ठेवलं, आणि तेच नको होतं. चारही चिंध्या सोडल्या आणि बंबात घातल्या. माझ्या अर्ध्यातली अकराच्या अकरा झाडं मुळासकट उपटली आणि सुपात लावून ठेवली.

तुम्ही सगळ्यांत शेवटी आलात. सगळ्यांत मोठं झाड मी बाजूला ठेवलं होतं, तुमचंच खूण केलेलं, तुमच्यासाठी. मुद्दाम. हळदकुंकू लावलं, तिळगूळ दिला, ते झाड उचललं. मुळाची माती झटकायला हात हलवला तेवढ्यात तुम्ही माझं मनगट धरलंत. "झटकू नको. राहू दे माती." सगळ्या बायांसमोर! मला वाटलं, इथंसुद्धा ह्यांचं शिकवणं सुटत नाही. ते तसंच तुमच्या पदरात टाकलं. तुम्ही मागच्या दारातून वाफ्याकडे एकदा बघितलंत, माझा अर्धा मोकळा झालेला. मग माझ्याकडे बघितलंत. "येते," म्हणालात आणि दोन्ही हातांनी पदर सावरत गेलात.

मी जिंकले असं मला वाटलं. दिवेलागणीपर्यंत तरी वाटलं.

नंतरच्या तीन आठवड्यांना अबोला म्हणता येणार नाही. नळाला पाणी आलं की तुम्ही हाक मारायचात, मी ओ द्यायची. पण दुपारच्या चहाला मी आले नाही. तुम्ही काहीच बोलत नाही याचीच मला टोचणी लागली होती. म्हटलं, आता ह्या येऊ देत. दर वेळी मीच का जायचं? तुम्ही आला नाहीत. मी घरातल्या घरात येरझाऱ्या घालायची, तुमच्या परसातल्या भांड्यांचा आवाज ऐकायची, दारापर्यंत यायची आणि परत फिरायची.

मग त्या दुपारी भासऱ्यांची हाक आली. "अशूची माय! या हिकडं!" सत्तावीस वर्षांत त्यांनी मला कधी हाक मारली नव्हती. मी डोक्यावरचा पदर पुढं ओढायचा, ते तोंड फिरवायचे, आणि दोघांचं काय ते बोलणं तुमच्यामार्फत. ती हाक ऐकली आणि हातातलं ताट तिथंच सोडून मी पळाले. तुम्हाला दवाखान्यात नेणारी रिक्षा परभणीच्या वाटेवर निम्मीही गेली नसेल, तोच तुमचा श्वास थांबला. तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी एवढी बोलकी, आणि त्या सगळ्या वाटेत मला "अक्का, अक्का" याच्यापुढं एक शब्द सुचला नाही.

तुम्ही सवाष्ण गेलात म्हणून बायांनी तुम्हाला हिरवी साडी नेसवली आणि मला म्हणाल्या, ओटी तू भर. तांदूळ, नारळ, खण. माझे हात थांबले. त्यांना वाटलं दुःखानं. मला आठवलं होतं की याच्या आधी या पदरात मी काय टाकलं होतं आणि कसं. त्या वेळी मला तुमच्या पायांवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं, आणि मी नुसती तांदळाची ओंजळ धरून उभी राहिले.

तेरावं झालं. भासऱ्यांच्या आंघोळीचं पाणी काढायला कुणी नव्हतं म्हणून मी तुमच्या मोरीकडे आले, आणि तिथं मोरीच्या सांडपाण्याच्या कडेला ते झाड उभं होतं. कमरेएवढा दांडा, वर बारीक कळ्यांचा झुबका, आणि बुडाशी लाल काठाची चिंधी. नवी बांधलेली. आधी मला कळलंच नाही की हे काय. मग मी खाली बसले.

पदर पुढं ओढून मी ओसरीच्या कोपऱ्यापाशी उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा भासऱ्यांशी सरळ बोलले. "मोरीपाशी ते झाड कुणी लावलं?"

ते रस्त्याकडेच बघत होते. तसंच म्हणाले, "तिनंच. तुमच्या वाणातलं हाय ते. हळदीकुंकवाहून आली, साडी बी बदलली न्हाई, आधी खड्डा केला. म्हणली, मुळाला माती हाय, जगतंय."

"अन् चिंध्या?"

"बियाला. उशिरा दांडा काढणारी झाडं निवडली व्हती. हौदाकडच्या झाडांला पाणी लागतं, ती जोमदार, म्हून तुमच्याकडली. म्हणली, अशूच्या मायला बी लागतंय, पोरीची आठवण हाय तिची. मोडू द्यायची न्हाई."

मी विचारलं, "मंग मला का न्हाई सांगितलं?"

"मी बी तेच म्हणलो तिला. सांगून टाक की. तर हसली. म्हणली, चिंध्या बगून कमल येईलच भांडायला. आली की सांगते." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "वाणाच्या दिवशी बी म्हणली, आता तर येईलच. रोज दुपारी च्याला एक कप पाणी जास्तीचं टाकायची."

अक्का, एक कप पाणी जास्तीचं! तीन आठवडे! आणि मी पलीकडे बारा पावलांवर येरझाऱ्या घालत होते. हे काय वागणं झालं तुमचं? एकदा तरी, आयुष्यात एकदा तरी, आधी बोलायचं होतं. "कमल, बियाला ठेवलंय, हात लावू नको." एवढंच! मी रोज मनात हे भांडण भांडते आणि रोज हरते. कारण मी मुळासकट उपटते म्हणून ते जगलं, आणि तुम्ही माझं मनगट धरलंत म्हणून ते जगलं. तुम्ही त्या क्षणी सगळं ओळखलं होतंत. माझा राग, माझा मुद्दामपणा, सगळं. आणि तरी तुम्हाला आधी मुळाची माती दिसली. मला एवढंच जाणून घ्यायचं आहे की त्या वेळी तुम्हाला माझा राग आला होता का. आला असेल तर मला बरं वाटेल. नसेल आला तर मी काय करू?

बाळू परवा येऊन गेला. महिन्याचं झालं की भासऱ्यांना संभाजीनगरला घेऊन जाणार आहे. घराला कुलूप. परसात नुसतं गवत माजेल म्हणून फरशी टाकून घ्यायची म्हणतो. पोरगा वाईट नाही, त्याला काय माहीत. पण तेव्हापासून माझ्या पायाला स्वस्थता नाही. मोरीत आंघोळी थांबल्या की त्या झाडाला पाणी कुठून मिळणार? ऊन तर दिवसागणिक चढतंय. कळ्यांतून आता पिवळी फुलं येतायत, सकाळी उमलतात आणि ऊन चढलं की मिटतात. त्यांचं बी व्हायला अजून पंधरा-वीस दिवस तरी लागतील, आणि झालं की ते कापसासारख्या म्हातारीला धरून उडून जाणार. चिमण्या आहेत, शेळ्या आहेत, मुंग्या आहेत. मी तर आत्तापासून तुमच्या मऊ पडलेल्या सुती साडीची पिशवी शिवून ठेवलीय, झुबक्यावर चढवायला. तुमच्या अर्ध्यातली झाडं तर सुतकाच्या तेरा दिवसांत पाण्यावाचून वाळून गेली, म्हणजे यंदाचं हे गेलं तर गेलंच. दुसरी पुडी कुणाच्या पदराला नाही.

काल मी पुन्हा ओसरीपाशी गेले. म्हटलं, "बी पडेस्तोवर परसात कुणी फरशी टाकायची न्हाई. झाडाला पाणी मी घालीन. नळ आत हाय, मागच्या दाराची किल्ली लागंल." आवाज मोठाच निघाला, भांडल्यासारखा. भासऱ्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मग आत गेले, तुमच्या कमरेला असायचा तो जुडगा आणला, त्यातली एक किल्ली काढली आणि आमच्या दोघांच्या मधे जोत्यावर ठेवली. "ती म्हणली व्हती, भांडायला येईल म्हून," ते म्हणाले आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड करून बसले.

ती किल्ली आता माझ्या कमरेला आहे.

कणीक पार आंबली असेल. असू दे. मी पुन्हा उठतेय अक्का, सातव्यांदा. दुपार झालीय, तुमची चहाची वेळ. चहा तुमच्याच चुलीवर टाकते, भासऱ्यांपुरता, माझ्यापुरता, आणि एक कप पाणी जास्तीचं. मग तांब्या भरून मोरीपाशी येते. अकराच्या अकरा मी उपटली, चिंध्या मी जाळल्या, तुमच्या पदरात तुमचंच झाड मी मुद्दाम टाकलं. हे बघा, पदर कमरेला खोचलाय. माझं सगळं बोलून झालंय. आता तुम्ही सांगा.